पोलीस व्हायचंय, मग क्रिमिनॉलॉजी शिकू का?

माझी भाची भांडुपला राहते. बीएच्या पहिल्या वर्षाला आहे आणि रोज पहाटे साडेपाचला मैदानावर पळते. पोलीस भरतीची तयारी. मागच्या महिन्यात घरी आली होती, तेव्हा चहा घेता घेता म्हणाली, "मामा, क्रिमिनॉलॉजी केली तर भरतीत मार्क मिळतात का?"

मी म्हटलं, "एकही नाही."

ती हिरमुसली. "मग लोक शिकतात कशाला?"

या 'कशाला'चं उत्तर एका कप चहात संपलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

भरतीचं आधी उरकून टाकू. महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायला बारावी पास लागते. उंची मुलांना 165 आणि मुलींना 155 सेंटिमीटर. मैदानी चाचणी 50 गुणांची: मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. लेखी परीक्षा 100 गुणांची, त्यात अंकगणित, सामान्यज्ञान आणि चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण. गुन्हेशास्त्राचा कुठेही पत्ता नाही. फौजदार व्हायचं तर एमपीएससी, आयपीएस व्हायचं तर यूपीएससी. यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांत समाजशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे, मानववंशशास्त्र आणि कायदाही आहे, पण क्रिमिनॉलॉजी नाही. तेव्हा वर्दी मिळवण्यासाठी म्हणून कुणी हा विषय घेत असेल तर त्याने तो वेळ पळण्यात घालवावा. वर्दी चढल्यावर रोज समोर जे येतं, ते कळायला मात्र हा विषय लागतो. आणि तुरुंगाच्या बाजूची काही कामं अशी आहेत की तिथे पदवीच्या कागदालाही किंमत आहे. त्याकडे नंतर येतो.

आता विषय म्हणजे नेमकं काय ते बघू. दादर स्टेशनवर संध्याकाळी सात वाजता एकाच्या खिशातून मोबाइल गेला, असं धरू. तो लोहमार्ग पोलिसांकडे जातो. ठाणे अंमलदाराच्या मनात पहिला प्रश्न येतो तो कलमाचा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यामुळे चोरी आता कलम 303 खाली येते. जुन्या लोकांच्या तोंडात अजून 379 च बसलेलं आहे. हा झाला कायदा. पुढे फोन सापडला, तर त्यावर ठसे कुणाचे, त्यात दुसरं सिम कधी पडलं, हे शोधणारी शाखा वेगळी. ती फॉरेन्सिक. कालिन्याच्या प्रयोगशाळेत चालतं ते हे काम. तिसरा माणूस या दोघांच्या मागे उभा राहून वेगळंच विचारत असतो: सातलाच का? याच पुलाच्या पायऱ्यांवर का? चोरणारा हे कुणाकडून शिकला? आधी आत जाऊन आला असेल, तर आतून काय शिकून आला? आणि त्याच आठवड्यात त्याच पायऱ्यांवर आणखी ज्यांचे फोन गेले, ते तक्रार द्यायला का आले नाहीत?

हा तिसरा माणूस म्हणजे क्रिमिनॉलॉजी, गुन्हेशास्त्र. रक्ताचे डाग, सूक्ष्मदर्शक, पांढरा कोट हे सगळं फॉरेन्सिकचं. दोन्हींचा घोळ मालिकांनी घालून ठेवलाय आणि तो निस्तरता निस्तरता माझी अर्धी हयात गेली.

या शास्त्राची सुरुवात लाजिरवाणी आहे, आणि ती लाज नेमकी आपल्या दारातली आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. 1876 मध्ये चेझारे लोम्ब्रोसो नावाच्या इटालियन डॉक्टरने एक पुस्तक लिहिलं. तुरुंगातल्या माणसांच्या कवट्या, जबडे, कान मोजून त्याने निष्कर्ष काढला की काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. युरोपात या कल्पनेची चलती झाली. पुढे चार्ल्स गोरिंग या इंग्रज तुरुंग-डॉक्टरने सुमारे 3,000 कैद्यांची मापं घेऊन ती बाहेरच्या लोकांशी ताडून पाहिली आणि 1913 मध्ये जाहीर केलं की असा काही वेगळा चेहरामोहरा नसतो. शास्त्रापुरता विषय संपला.

आपल्याकडे मात्र लोम्ब्रोसोच्याही पाच वर्षं आधी, 1871 मध्ये, इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. एखाद्या माणसाने काय केलं हे बघायची गरजच नाही, तो कुठल्या जमातीत जन्मला एवढं बघा. नाव नोंदवायचं, हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. 1911 च्या सुधारित कायद्याने हे लोण सगळ्या देशभर गेलं. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड अशा जमातींची वसाहत होती. त्या भागाला लोक आजही 'सेटलमेंट' म्हणतात. हा कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. कायदा गेला, पण सवय राहिली. गावाबाहेर पारध्यांची पालं पडली आणि त्याच रात्री गावात चोरी झाली, तर सकाळी जीप आधी कुठे जाते हे कुणाला सांगायला नको.

आता यातला फास बघा. जीप दर वेळी त्याच पालांकडे गेली, तर पकडलेल्यांच्या यादीत तीच माणसं वाढत जाणार. यादी बघून पुढचा अधिकारी म्हणणार, बघा, हे लोक गुन्हेगार आहेतच. पोराला शाळेत 'पारध्याचा' म्हणून हाक, कामावर कुणी ठेवत नाही, आणि एक दिवस तो खरोखरच काहीतरी करून बसतो. अमेरिकेत हॉवर्ड बेकरने 1963 मध्ये हेच मांडलं: शिक्का आधी बसतो आणि माणूस नंतर त्या शिक्क्यासारखा वागू लागतो. याला लेबलिंगचा सिद्धांत म्हणतात. आपल्या पोलीस ठाण्यांत याला 'रेकॉर्डवरचा' म्हणतात. 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीवर कामं वाटणारी कलमं घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदींनाही हात घातला. म्हणजे लोम्ब्रोसोचं भूत आपल्या तुरुंगांच्या नियमावलीतून 2024 मध्ये काढावं लागलं. फौजदारीच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाने हे वाचलेलं असावं की नसावं? माझं मत तुम्हाला कळलंच असेल.

चेहऱ्यातून उत्तर मिळेना, तेव्हा शास्त्र समाजाकडे वळलं. इथे पुस्तकी उदाहरणांची गरज नाही, गिरणगाव पुरेसं आहे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, गिरण्या एकेक करून विझल्या. लालबाग-परळ-आग्रीपाड्याच्या चाळींत एक पिढी अशी वाढली की बापाची नोकरी गेलेली आणि त्याच्या जागी लेकाला लावायची वाटही बंद झालेली. दाराबाहेर मुंबई मात्र आधीसारखीच झगमगत होती. याच वर्षांत याच वस्त्यांत टोळ्या फोफावल्या. रॉबर्ट मर्टनने 1938 मध्ये म्हटलं होतं की समाज सगळ्यांना एकच स्वप्न विकतो, पण तिथे जायचे रस्ते सगळ्यांना देत नाही; या ताणातून काहीजण आडवाट धरतात. गिरणगावाला हे वर्णन असं चपखल बसतं की वाटावं मर्टन भारतमाता टॉकीजसमोर राहून गेला.

पण थांबा. हा सिद्धांत ऐकून मान डोलावली की एक प्रश्न राहूनच जातो, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. त्याच चाळीत, त्याच माळ्यावर, त्याच बेकारीत वाढलेली बहुसंख्य पोरं टोळीत गेली नाहीत. कुणी सुरक्षारक्षक झालं, कुणी कुरिअर वाटलं, कुणी रात्रशाळेतून बी.कॉम. झालं. ती का नाही गेली?

ट्रॅव्हिस हर्शी या अभ्यासकाने 1969 मध्ये सगळा प्रश्नच असा उलटा केला: माणूस गुन्हा का करतो हे विचारू नका, का करत नाही ते विचारा. त्याचं उत्तर होतं, धागे. कुणाच्या तरी डोळ्यांना डोळा भिडवायचा असतो, काहीतरी कमावलेलं असतं जे गमवायचं नसतं, दिवस कामात गुंतलेला असतो, आणि काही गोष्टी करायच्या नाहीत हे आत रुजलेलं असतं. चाळीच्या भाषेत सांगायचं तर आजी, व्यायामशाळा, गणपती मंडळ, आणि गॅलरीतून "अरे, तू पवारांचा ना रे?" असं ओरडणारं कुणीतरी. टॉवर झाल्यावर यातलं काय उरलं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

हर्शीच्या आधी वॉल्टर रेक्लेस या अमेरिकन अभ्यासकानेही वाईट वस्तीतली चांगली पोरं अभ्यासली होती. हाच रेक्लेस 1951-52 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा तज्ज्ञ म्हणून भारतात आला होता, तुरुंगांची पाहणी करून सरकारला सल्ला द्यायला. पुढे 1957 साली अखिल भारतीय तुरुंग नियमावली समिती नेमली गेली, तिच्यामागे त्याच्या शिफारशी होत्या. पोरं बिघडत का नाहीत हे शोधणाऱ्याच्या हाती तुरुंगांचा सल्ला, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

एडविन सदरलँडचं नावही ऐकून ठेवा. तो म्हणतो, गुन्हा शिकावा लागतो, जसं शिवणकाम शिकावं लागतं. हात शिकतो आणि मनही शिकतं; 'यात काही वाईट नाही' हे स्वतःला पटवायची युक्तीसुद्धा सोबतीनेच येते. 2016 मध्ये मीरा रोडला बनावट कॉल सेंटरवर धाड पडली, शेकडो तरुण ताब्यात घेतले गेले. अमेरिकन लोकांना फोन करून कर खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करायची आणि घाबरवून पैसे उकळायचे. बोलायचं काय, उच्चार कसा, समोरचा रडला तर पुढचं वाक्य कोणतं, हे सगळं शिकवलेलं. त्याच सदरलँडने 1939 मध्ये पांढरपेशा गुन्हेगारी हा शब्द दिला आणि सांगितलं की गरिबी हे गुन्ह्याचं एकमेव कारण असतं तर कोट घातलेल्यांनी गुन्हे केलेच नसते. 1992 चा हर्षद मेहता घोटाळा ज्या शहरात झाला, तिथे हे समजावून सांगायची गरज नाही.

आता कामाचा सिद्धांत, जो हवालदारालाही उद्या सकाळी वापरता येईल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका श्रीमंत झाली, तरी चोऱ्या वाढल्या. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी 1979 मध्ये कारण सांगितलं: घरातली सगळी कामावर जाऊ लागल्याने घरं दिवसा रिकामी पडली आणि टीव्ही उचलून नेण्याइतका हलका झाला. गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी याव्या लागतात: करणारा, करण्याजोगं सावज, आणि राखण करणाऱ्याचा अभाव. तिन्हीपैकी एक काढा, गुन्हा होत नाही.

लोकलच्या दारात फोनवर बोलत उभा असलेला माणूस आठवा. रुळांलगत खांबापाशी फटका गँगचा पोरगा काठी घेऊन उभा असतो. गाडी सिग्नलला हळू होते, हातावर फटका, फोन खाली. पोरगा, फोन आणि कुणी न बघणारी जागा, तिन्ही जमले. त्या पोराला पकडणं हा एक उपाय. पण तो पकडला तर दुसरा येतो. गाडी कुठे हळू होते त्या चार जागा शोधून तिथे माणूस उभा करणं, तिथली भिंत वाढवणं, दारात फोन काढू नका म्हणून सांगणं, हेही पोलिसांचंच काम. रात्रीच्या महिला डब्यात लोहमार्ग पोलीस किंवा होमगार्ड उभा असतो, तो तिसरी गोष्ट भरून काढत असतो. त्याने दिवसभरात एकही माणूस पकडला नाही, तरी त्याचं काम झालेलं असतं. अडचण एवढीच की न घडलेल्या गुन्ह्याचा कागद होत नाही, आणि कागद नाही म्हणून बक्षीसही नाही.

याच फूटपट्टीने तडीपारी मोजून बघा. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवता येतं. घाटकोपरमधला माणूस तडीपार झाला की घाटकोपरच्या ठाण्याला हायसं वाटतं, हे खरं. पण तो जिथे जातो तिथे त्याला घर नाही, काम नाही, ओळखणारं कुणी नाही. हर्शीचे सगळे धागे एका आदेशाने तोडून त्याला आपण दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत सोडलेलं असतं. उलट, विशिष्ट जागांवर गस्त वाढवली तर गुन्हा सगळाच शेजारी सरकत नाही, कधी कधी शेजारच्या गल्लीलाही फायदा होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. तडीपारी कधीच वापरू नये असं मी म्हणत नाही. टोळीचा म्होरक्या साक्षीदारांच्याच चाळीत राहत असेल, तर दुसरं काय करणार? पण आदेशावर सही करणाऱ्याने हा हिशेब एकदा तरी मांडलेला असावा.

आकड्यांबद्दल थोडंच सांगतो, कारण यात भलेभले फसतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, 1986 साली स्थापन झाला. त्याच्या अहवालात येतो तो घडलेला गुन्हा नव्हे, नोंदलेला गुन्हा. त्यातही एका एफआयआरमध्ये पाच कलमं असली, तरी मोजताना सगळ्यात गंभीर तेवढं धरतात. फोन चोरीला गेलेला माणूस 'हरवला' असा दाखला घेऊन घरी गेला, तर तो आकड्यातून गायब. बलात्काराची फिर्याद द्यायला आलेल्या बाईला ठाण्यात नीट वागणूक मिळू लागली, तर त्या ठाण्याचे आकडे वाढतात. म्हणजे वाढलेला आकडा कधी अपयशाचा असतो, कधी यशाचा. हे न कळता 'अमुक शहरात गुन्हे दुप्पट' अशी बातमी देणारे पत्रकार आणि त्या बातमीवरून फिर्यादी कमी घ्या म्हणणारे साहेब, दोघांनाही क्रिमिनॉलॉजीच्या पहिल्या सत्राला बसवायला हवं.

आता तुरुंग. सातरस्त्याजवळून जाताना आर्थर रोडची भिंत दिसते. 1926 पासूनचा हा तुरुंग, त्याच्या क्षमतेच्या कितीतरी पट माणसं आत. बायकांसाठी भायखळा, पलीकडे ठाणे, कल्याण, तळोजा. आत कोण असतं याबद्दल बाहेरच्यांचा मोठा गैरसमज आहे. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती, त्यातली 75.8 टक्के कच्चे कैदी होते. कच्चा म्हणजे ज्याचा खटला अजून चालायचाय किंवा चालू आहे. शिक्षा झालेला तो पक्का. म्हणजे दर चारांतले तीन जण कायद्याच्या नजरेत अजून निर्दोष.

तुरुंगाधिकाऱ्याचं काम कुलूप लावणं आणि मोजणी करणं एवढंच असतं, असं समजणाऱ्यांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे अटक-जामीन-खटल्याची रीत ठरवणाऱ्या नव्या कायद्याचं, कलम 479 वाचावं. कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या अर्धा काळ आत काढला असेल, आणि पहिल्यांदाच आलेल्याने एक तृतीयांश काढला असेल, तर त्याला सोडण्याची तरतूद तिथे आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकापेक्षा जास्त खटले असलेले वगळून. त्यासाठी न्यायालयात लेखी अर्ज कुणी करायचा? तुरुंग अधीक्षकाने. कायद्याने ही जबाबदारी त्याच्यावर टाकली आहे. म्हणजे रजिस्टर नीट वाचणारा एक अधिकारी महिन्याला किती घरांचे दिवे लावू शकतो, विचार करा.

पक्क्या कैद्यांकडे गेलं की संचित रजा आणि अभिवचन रजा हे शब्द कानावर पडतात. पहिली फर्लो, दुसरी पॅरोल. लोकांना वाटतं या चैनी आहेत. पण दहा वर्षांनी माणूस बाहेर येणारच आहे. घराचा उंबरठा मधूनमधून ओलांडलेला असेल, तर त्या दिवशी त्याला जायला घर तरी असतं. आपल्या तुरुंग खात्याचं ब्रीदच 'सुधारणा व पुनर्वसन' आहे. आणि ते नुसतं भिंतीवर रंगवण्यापुरतं नाही, याचा पुरावा सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ आहे. 1939 मध्ये औंध संस्थानाने स्वतंत्रपूर ही वसाहत काढली. तट नाही, भिंत नाही. कैदी कुटुंबासह राहतात, शेती करतात. ज्याला पळायचं त्याने पळावं, इतकं उघडं. लोक आजही तिथे राहतात.

तुरुंगात जाऊच नये म्हणून असलेली सोय आणखी कमी ठाऊक आहे. परिविक्षा म्हणजे कैदेऐवजी देखरेखीखाली सोडणं. 1958 चा परिविक्षा कायदा म्हणतो की जन्मठेपेचा गुन्हा नसेल आणि आरोपी 21 वर्षांखालचा असेल, तर कैदेची शिक्षा देण्याआधी न्यायालयाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल बघावा, आणि कैद द्यायचीच असेल तर कारणं लिहावीत. यामागे क्रिमिनॉलॉजीतलं एक भक्कम निरीक्षण आहे: गुन्हेगारी विशीच्या आसपास शिखरावर असते आणि पुढे बहुतेकांच्या बाबतीत आपोआप उतरते. लग्न, नोकरी, पोरंबाळं, थकवा. उतरणीला लागणाऱ्या पोराला नेमक्या त्याच वयात सराईतांच्या बराकीत टाकलं, तर सदरलँड म्हणाला तसं शिक्षण तिथे पूर्ण होतं. नव्या न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षाही आली आहे. 5,000 रुपयांखालची पहिली चोरी असेल आणि वस्तू परत केली असेल, तर तीच शिक्षा. आता तो पोरगा रुग्णालयात फरशी पुसतोय की नुसती सही करून जातोय, हे बघायला माणूस लागेल. तो माणूस आपल्याकडे पुरेसा नाही.

शिकायचं कुठे? मुंबईतलं पहिलं नाव देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं, म्हणजे टिसचं. 1936 ची संस्था, समाजकार्याच्या अंगाने क्रिमिनॉलॉजी शिकवते. तिच्याच 'प्रयास' प्रकल्पाची माणसं 1990 पासून तुरुंगांत आणि पोलीस ठाण्यांत काम करतायत. हा विषय वर्गाबाहेर कसा दिसतो ते त्यांच्याकडे बघून कळतं. निर्मला निकेतनचं समाजकार्य महाविद्यालयही जुनं, 1955 चं. तुमचा ओढा सूक्ष्मदर्शकाकडे असेल तर मादाम कामा रोडवर सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, पण ती वाट वेगळी हे आता तुम्हाला ठाऊक आहे. मुंबई सोडायची तयारी असेल तर मध्य प्रदेशातल्या सागर विद्यापीठात 1959 पासून हा विभाग आहे, मद्रास विद्यापीठ आहे, गांधीनगरला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे. वर्तमानपत्रात टोपीवाल्या हेराचं चित्र लावून दोन महिन्यांत 'क्रिमिनॉलॉजिस्ट' करून देणाऱ्यांकडे फिरकू नका. ज्यांना आधी नोकरी हवी त्यांनी कुठल्याही शाखेची पदवी घ्यावी, भरती द्यावी आणि विषय सावकाश वाचावा. पोलीस भरतीबरोबर कारागृह शिपायांची पदंही निघतात, हे अनेकांना ठाऊक नसतं.

पदवीचा थेट उपयोग होतो तो इथे: महिला व बालविकास खात्यातली परिविक्षा आणि संरक्षण अधिकाऱ्यांची पदं, डोंगरीसारखी मुलांची निरीक्षणगृहं, बाल न्याय मंडळ, जिथे न्यायदंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजकार्यकर्ते बसतात, आणि तुरुंगांत काम करणाऱ्या संस्था. पात्रता जाहिरातीगणिक बदलते, तेव्हा जाहिरात शब्दशः वाचा. बाल संरक्षणातली बरीच पदं कंत्राटी असतात, पगार बेताचा. आणि घरचे म्हणतील, "तुरुंगात नोकरी? आणि तीही पोरीने?" त्याला माझ्याकडे उत्तर नाही, माझ्या बहिणीनेही मला हेच ऐकवलं.

भाचीला मी शेवटी एवढंच सांगितलं की पुस्तकाआधी एक सोमवार किल्ला कोर्टात काढ. सीएसएमटीहून चालत पाच मिनिटं. न्यायालयं सगळ्यांना खुली असतात, मागच्या बाकावर गप्प बसायचं. रविवारी पकडलेले सगळे सोमवारी रिमांडला येतात.

ती गेली. संध्याकाळी फोन आला. सिद्धांत-बिद्धांत काही नाही. म्हणाली, "मामा, एकाचं नाव पुकारलं, दोन मिनिटांत पुढची तारीख पडली आणि त्याला घेऊन गेले. त्याची आई सकाळपासून बाहेर डबा घेऊन बसली होती. दुपारी दोनपर्यंत तिला कुणी सांगितलंच नाही. हे सांगायचं काम कुणाचं असतं?"

मी तिला नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 48 वाचायला सांगितलं. माणसाला अटक झाली आहे आणि त्याला कुठे ठेवलंय, हे पोलिसांनी नातेवाइकाला कळवलंच पाहिजे, असं त्यात आहे. तारखेबद्दल त्यात काही नाही.